सखाराम जीनगराची आठ कलमे

कुत्र्यांची मला पहिल्यापासून किळस. आमच्या घरी सोवळेओवळे कडक, कुत्रे अंगाला लागले की डोक्यावरून पाणी घ्यायचे, हा लहानपणापासूनचा नियम. पण ती किळस वरवरची. आंघोळ केली की जायची. आंघोळीने न जाणारी किळस कशी असते ते मला धारला एका चंपाषष्ठीच्या दुपारी कळले, आणि तिच्यात कुत्र्याचा काडीचा दोष नव्हता. सखाराम जीनगराविषयी लिहायचे तर त्या दुपारपर्यंत जावेच लागते. म्हणूनच इतकी वर्षे लिहायचे टाळले.

मी तेव्हा देवासला आप्पासाहेब जहागीरदारांच्या कचेरीत कारकून होतो. वय अठ्ठावीस, अक्षर सुरेख, आवाज खणखणीत, आणि नोकरी टिकवायला याहून जास्त काही लागत नसे. देवास एवढेसे गाव. त्यात थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन दरबार. दोन्हीकडे आपल्याला पुढची खुर्ची मिळावी या खटपटीत आप्पासाहेबांचा जन्म चालला होता. पीपलरावां परगण्यात त्यांची चार गावे होती, पण तिकडे ते वर्षातून एकदा जात. बाकीचा वेळ कोणाकडे काय नवीन आले आणि ते आपल्याकडे का नाही, या विचारात.

सखाराम त्यांच्या पागेवरचा जीनगर. घोड्यांची खोगिरे, लगाम, पट्टे शिवायचे हे त्याचे काम. त्याचे पूर्वज मराठी फौजेबरोबर खोगिरे शिवत शिवत माळव्यात उतरले आणि इथलेच झाले. पन्नाशीचा, बसका, दाभण धरून अंगठ्याला घट्टा पडलेला. डोक्यावर मेणचटलेले तांबडे पागोटे. ते तो कधी काढत नसे. वैशाखात पागेत जीव घुसमटायचा, घाम भुवयांवरून टपकायचा, तरी नाही. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, काढून ठेव की जरा." तर म्हणाला, "बापाने डोक्यावर ठेवलंय पंत. मी कोण उतरवणारा?" तो माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा, आणि मी त्याला अरे-तुरे करीत असे. तेव्हा ते कोणाला खटकत नव्हते, मला तर नव्हतेच.

या सखारामाच्या गळ्यात पूडल पडला तो असा. महूच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला. त्याच्याकडे काळ्या कुरळ्या केसांचा, लांब तोंडाचा, उंच पायांचा एक कुत्रा होता. पूडल जातीचा. आप्पासाहेबांनी तो मागून आणला. सोबत साहेबाने एक चित्रांचे पुस्तकही दिले. त्यात असल्या कुत्र्यांचे खेळ दाखवले होते आणि त्यांचे केस कसे कातरायचे तेही. पुढच्या अंगावर सिंहासारखी आयाळ ठेवायची, मागचा भाग साफ उघडा करायचा आणि शेपटीच्या टोकाला एक गोंडा. हत्यारे जीनगराकडेच असणार, म्हणून हुकूम सखारामाला झाला.

कातरल्यावर तो कुत्रा मी पाहिला आणि मला शिसारी आली. अर्धा उघडा, अर्धा केसाळ, मागून तर बघवेना. सखाराम कात्री हातात धरून त्याच्यापुढे उकिडवा बसला होता. मान हलवत म्हणाला, "पंत, थंडीत याला वारा लागेल हो." दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या खोगिराच्या बनातीची एक झूल शिवली, पोटाखालून बंद लावले, आणि कुत्र्याच्या उघड्या कमरेवर चढवली. आप्पासाहेबांनी ती काढायला लावली, कारण चित्रात झूल नव्हती. ते कचेरीत शिरले की सखाराम पुन्हा झूल चढवी. कुत्र्याचे साहेबाने ठेवलेले नाव कोणाच्या जिभेवर बसेना. सखाराम त्याला काळूभिया, म्हणजे माळवीत काळूभाऊ, म्हणू लागला आणि तेच राहिले.

खेळ शिकवायचे ठरले तेव्हा आप्पासाहेबांची पद्धत सरळ होती. उपाशी ठेवायचे. एक खेळ केला की एक घास. नाही केला की नाही. सखाराम समोर "जी सरकार" म्हणायचा आणि मागच्या दाराने काळूला भाकरी घालायचा. त्याची स्वतःची पद्धत निराळीच, आणि पाहणाऱ्याला लाज आणणारी. वेताचे कडे त्याने गादी भरून शिवले, दोन खुंट्यांमध्ये टांगले, आणि काळूला समोर बसवून आधी स्वतः त्यातून गेला. पन्नाशीचा माणूस, हातापायांवर, धोतर सावरत, डोक्यावर पागोटे तसेच. पलीकडे पडला, उठला, अंगावरची धूळ झटकून म्हणाला, "देख्या, काळूभिया? इतनाच है." काळूने मान वाकडी करून पाहिले आणि एका झेपेत आरपार.

"तुला काही वाटत नाही का रे?" मी विचारले.

"काय वाटायचं? जे आपल्याला करवत नाही ते मुक्या जनावराला कशाला सांगा?"

प्रत्येक खेळ असाच. टेकडीखालच्या तळ्यात पाण्यातून वस्तू काढून आणायची होती, तर हा आधी पाण्यात. डोके उंच धरून, पागोटे कोरडे ठेवून पोहायचा. काळू मग त्याला मागे टाकून पुढे जायचा. त्या जातीला पाण्याचे वेड असते म्हणतात. मला ते पुस्तक वाचून कळले, सखारामाला तिसऱ्याच दिवशी. काळू वस्तू घेऊन बाहेर येई, अंग झाडून आम्हा दोघांना भिजवी, आणि पुन्हा फेका म्हणून पुढचे पाय आपटीत उभा राही. सखाराम फेकायचा. संध्याकाळ होईपर्यंत फेकायचा. दोघांपैकी कोण जास्त खुशीत असे ते सांगणे कठीण. मी काठावर उपरणे सावरून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, काय हा पोरखेळ. पण जायचो रोज.

वासाचा खेळ शिकवताना त्याने माझी तपकिरीची डबी पळवली. कचेरीतून मी ओरडत बाहेर आलो तर हा कडब्याच्या गंजीपाशी हात जोडून उभा. "दोन पळं थांबा पंत, मिळते." काळू नाक जमिनीला लावून गेला, गंजीत डोके घातले, डबी काढली, आणि तिचे झाकण उघडले तसा जो शिंकायला लागला तो थांबेचना. शिंकत शिंकत त्याने डबी माझ्याच पायांवर आणून टाकली. ओले नाक माझ्या पोटरीला लागले. मी घरी जाऊन आंघोळ केली, सखारामाला वाटेल ते बोललो. दुसऱ्या दिवशी माझ्या बैठकीवर डबीला बेतशीर अशी चामड्याची पिशवी होती, बारीक टाक्यांची. चामडे म्हणून मी ती घरात नेली नाही, पण कचेरीत वापरली.

काळूचे खेळ तयार झाले तशी आप्पासाहेबांची छाती फुगली. धारला त्यांच्या मेहुण्यांची हवेली होती. तिथे तळ्याकाठी कनात लावून खेळ करायचा, धारचे सरदार बोलवायचे, महूहून एक मोठा साहेब मडमेसह यायचा, असे ठरले. साहेबाच्या सोयीने दिवस ठरला. तो मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा, म्हणजे चंपाषष्ठीचा, हे मला पंचांगात दिसले होते. आप्पासाहेबांना अडवणूक आवडत नसे, म्हणून मी गप्प बसलो. मला वाटले, त्याने काय बिघडते.

खेळांची यादी मी लिहिली. आठ कलमे, एकेका ओळीवर एकेक, लाल शाईने आकडे. ती मीच मोठ्याने वाचायची होती. दमणीतून इंदूरवरून धारला जाताना सखारामाने ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "तुमचा आवाज बरा आहे पंत. काळूला ओळखीचा आहे."

षष्ठीच्या सकाळी काय झाले ते मी पाहिले नाही, नंतर ऐकले. आप्पासाहेबांचा हुकूम होता, काळूला आदल्या दुपारपासून काही घालायचे नाही. सखाराम त्याला हवेलीमागच्या मराठ्यांच्या आळीत फिरवायला घेऊन गेला. तिथे घरोघरी खंडोबाचे नवरात्र उठत होते. बाजरीचे रोडगे, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा, लसूण; देवाला नैवेद्य दाखवायचा आणि पहिला घास कुत्र्याला घालायचा, कारण कुत्रा देवाच्या बरोबरचा. सखारामाचे कुळदैवतही तेच. आणि असा काळाभोर, आयाळीचा, बनातीची झूल पांघरलेला कुत्रा त्या आळीने जन्मात पाहिला नव्हता. बायका ताटे घेऊन उंबऱ्यापुढे आल्या. एक माळवी म्हातारी, तिच्या देवघरात खंडोबा नसून भेरूबाबा, म्हणजे भैरव, आणि कुत्रा त्याच्याही बरोबरचा, तीही गूळ-चपाती घेऊन आली. म्हणाली, "म्हारा हाथ को भी एक कौर खावा दो, भिया." सखाराम नाही म्हणू शकला नाही. पहिला घास तर त्याने स्वतःच घातला होता. परत आल्यावर मला म्हणाला, "आज देवाच्या कुत्र्याला उपाशी ठेवायचं, आणि दाराशी आलेला घास परत पाठवायचा, हे पाप कुणाच्या माथी मारू, पंत?"

दुपारी कनातीत जाजम अंथरले होते. पुढे खुर्च्यांवर साहेब, मडम, आप्पासाहेब, मागे सरदार मंडळी. मी बाजूला उभा राहून वाचले, "कलम पहिले. कड्यातून उडी." काळू कड्यापाशी आला. थांबला. सखारामाकडे पाहिले. मग त्याचे पोट आत-बाहेर झाले, आणि रोडगा, भरीत, कांदा सगळे त्याने मडमेच्या बुटांपासून हातभर अंतरावर जाजमावर ओकून टाकले. दोनदा. वास सुटला. मागे कोणीतरी फिसकन हसले आणि मग सगळेच हसले.

आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांच्या मानेवर लाली चढली. पदरच्या शिकाऱ्याला जवळ बोलावून, चहा मागवावा तसे म्हणाले, "याला तळ्याच्या पलीकडे ने आणि आटोप. आवाज इकडे आला तरी चालेल." शिकाऱ्याने बंदूक उचलली आणि काळूचा पट्टा धरला. काळू शेपटीचा गोंडा हलवीत त्याच्याबरोबर निघाला.

सखारामाने पागोटे काढले. मी त्याचे उघडे डोके तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मधे टक्कल, कडेला पांढरे खुंट. पागोटे त्याने जाजमाच्या कडेला, स्वच्छ जागा पाहून ठेवले. हात जोडून म्हणाला, "सरकार, खायला मी घातलं. चूक माझी. कलमं मी पुरी करतो. काळूला सोडा."

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. "सगळी?"

"सगळी."

साहेबाने काय चालले आहे ते विचारले. कोणीतरी त्याला इंग्रजीत सांगितले, आणि त्याने खूश होऊन मांडीवर थाप मारली. तेवढे पुरले. आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर हसू आले. शिकाऱ्याला त्यांनी थांबायची खूण केली आणि मला म्हणाले, "वाच."

मी वाचले.

पहिल्या कलमाला तो कड्यातून गेला, देवासला जात असे तसाच. दुसरे कलम मागच्या दोन पायांवर चालणे. तो नुसता उठून उभा राहिला आणि चार पावले चालला. त्या दुपारी सर्वांत मोठा हशा या कलमाला झाला. तिसऱ्याला तोंडात टोपली धरून त्याने विडे फिरवले. त्याच टोपलीतून विडे उचलून लोकांनी खाल्ले. चौथे कलम रुमाल शोधणे. रुमाल कोणीतरी लपवायचा होता. एका तरुण सरदाराने तो हसत हसत माझ्या उपरण्यात खोचला. मला ते कळले होते. सखाराम हातापायांवर एकेकाच्या जोड्यांशी नाक नेत माझ्यापर्यंत आला आणि मान वर केली. मला तो रुमाल काढून खाली टाकता आला असता. माझे दोन्ही हात यादीला धरून होते. त्याने दातांनी तो माझ्या उपरण्यातून ओढून काढला, आणि ओढताना हळूच म्हणाला, "हलू नका पंत, उपरणं फाटेल."

पाचव्याला तो तळ्यात उतरला. मार्गशीर्षातले पाणी. साहेबाने फेकलेला हातमोजा त्याने आणला. या वेळी डोके वर धरण्याचे कारण नव्हते, तो सगळा भिजला होता. मडमेने तोंड फिरवले आणि ती उठून निघून गेली. तिचे जाणे कोणाच्या लक्षातही आले नाही. सहावे कलम भुंकणे. यादीत मीच लिहिले होते, तीन वेळा. सातवे मेल्याचे सोंग. तो जाजमाबाहेर, गवतावर, डोळे मिटून पडला. अंग थरथरत होते म्हणून कोणी तरी ओरडले, नीट मर. आठवे, सरकारांच्या पायाशी मुजरा.

एकही कलम मी गाळले नाही. माझा आवाज कुठे कापला नाही, एक शब्द खाली-वर झाला नाही. त्या लोकांची मला किळस आली होती. विडा चघळत, पोट धरून हसणारी ती तोंडे आजही आठवली की घास कडू होतो. पण ती सगळी हसली ती माझ्या वाचनाच्या तालावर. वाचन स्पष्ट झाले अशी संध्याकाळी माझी तारीफ झाली आणि मला जरीकाठी उपरणे मिळाले. मी ते नाकारले नाही. दोन वर्षे वापरले. त्या संध्याकाळी मी दोनदा आंघोळ केली, हेही सांगून टाकतो.

आप्पासाहेबांनी शब्द पाळला. "घेऊन जा तुझ्या भावाला," म्हणाले. सखारामाने पागोटे उचलून ओल्या डोक्यावर बांधले, काळूच्या कमरेवर झूल चढवली, बंद नीट तपासले आणि हवेलीच्या मागच्या दाराने निघाला. मी दाराशी उभा होतो. माझ्याकडे पाहून म्हणाला, "येतो पंत." रागाचा एक शब्द बोलला असता तर मला बरे वाटले असते.

तो देवासला आला नाही. सोनकच्छला त्याच्या मेहुण्याचे बैलांचे साज शिवायचे दुकान होते, तिथे राहिला असे कळले. मी त्याच नोकरीत राहिलो.

चार-पाच वर्षांनी कामानिमित्त सोनकच्छला गेलो. काम लवकर आटोपले, म्हणून विचारत विचारत दुकानावर गेलो. कळले की तो नदीवर आहे. कालीसिंधच्या काठी, उतरत्या उन्हात, तो एका दगडावर बसला होता. पागोटे तेच, किंवा तसलेच. काळू पाण्यात होता. मला तो आधी ओळखूच आला नाही. केस सगळ्या अंगावर वाढून त्याची घोंगडी झाली होती, तोंड पांढरे पडले होते. पाण्यात वाहत आलेली एक काटकी त्याने धरली, बाहेर आणली, आपणच टाकून दिली, आणि पुन्हा पाण्यात शिरला. कोणी फेकत नव्हते, कोणी सांगत नव्हते.

"बसा पंत," सखाराम म्हणाला, जणू मी कालच भेटलो होतो. घरच्यांची चौकशी केली. माझी तपकीर सुटली का विचारले. मी म्हणालो, "अहो, पिशवी अजून आहे तुमची." मी त्याला अहो म्हणालो ते पहिल्यांदा. त्याच्या ध्यानात आले असावे, कारण तो थोडा अवघडून हसला.

"आता काही खेळ करतो का हा?" मी विचारले.

"करतो की. दिसतोय ना? दिवसभर करतो. आपण फक्त बसायचं."

काळू बाहेर आला, अंग झाडून आम्हाला भिजवले आणि आमच्यामध्ये येऊन बसला. ओली पाठ माझ्या धोतराला लागत होती, मी सरकलो नाही. मला फार बरे वाटत होते. इतक्या वर्षांनी मन हलके झाले, आणि त्या हलकेपणात, निव्वळ गंमत म्हणून, जुन्या ओळखीची खूण म्हणून, मी काळूकडे पाहून जुन्या आवाजात म्हणालो, "कलम पहिले."

काळूने कानही हलवला नाही. तो नदीकडे पाहत होता.

सखारामाचे दोन्ही हात डोक्याकडे गेले. पागोटे काढून त्याने शेजारच्या दगडावर, कोरडी जागा पाहून ठेवले, आणि मग तो तसाच थांबला, हात गुडघ्यांवर, उघडे डोके खाली घालून. मग त्याने पागोटे उचलले, सावकाश पुन्हा बांधले, आणि म्हणाला, "ऊन उतरलं पंत. तुम्ही निघा आता, वाट लांबची आहे."